कळसचा ज्वालामुखी

संस्कृतीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं महाकठीण. इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनाला कळसच्या आमच्या शाळेतून एकच प्रयोग जाणार होता आणि विषय आपल्या भागातलाच हवा, अशी अट होती. बाकीची चौथी ठिबक सिंचनाच्या मागे लागली. हिला इंदापूरला जायचं होतं, तेही ज्वालामुखी घेऊनच. मी तिची बाई. आधी चिडले, मग पुस्तकातल्या चित्रासारखा मातीचा टोकदार डोंगर मीच थापून दिला.

डोंगराच्या पोटात बाटली, बाटलीत खायचा सोडा. वरून लिंबाचा रस ओतला की फेस उसळतो. पण लिंबाचा रस पाण्यासारखा दिसतो, लाव्हा कसा वाटणार? संस्कृतीच्या आजोबांचं गुऱ्हाळ. तिनं रसात घरची काकवी कालवली. आमच्या गावात कुठल्याही अडचणीवरचा पहिला उपाय गुऱ्हाळातच शोधतात.

निवड करायला केंद्रप्रमुख बापूसाहेब आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"सर, जमिनीखाली लई खोल एवढी उष्णता असती, की काही ठिकाणी खडकच वितळतो," संस्कृतीनं सुरुवात केली. "त्यो शिलारस. आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो. त्यात वायू कोंडलेला असतो. वाट गावली की बाहेर उसळतो, मग त्याला लाव्हा म्हणायचं."

तिनं काकवी ओतली. काहीच झालं नाही. थोडा रस आत झिरपला, पण काकवी बाटलीच्या तोंडाशी बूच होऊन बसली आणि पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"लाव्हा घट्ट असला की वायू आत अडकतो," ती घाईनं म्हणाली. "असा ज्वालामुखी लई जोरात फुटतो. तुमी लांब ऱ्हावा, सर."

लांब राहतील ते बापूसाहेब कसले? त्यांनी वाकून बाटलीत पेन खुपसलं. फट्‌! काकवी थेट शर्टावर.

"फुटला खरा," शर्ट पुसत ते म्हणाले. "पण कळसात कुठं हाय गं ज्वालामुखी? ठिबकच बरं."

संस्कृतीचे डोळे भरून आले. मला सरांचा असा राग आला!

"सांग की त्यांना," मी म्हटलं.

"विहीर खणताना काळा पाषाण लागतो ना, त्यो थंड झालेला लाव्हाच हाय. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पण आपल्याकडं असा डोंगर न्हाय फुटला, सर. भुईला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातनं पातळ लाव्हा आला न् पसरला. थरावर थर. बाईंनीच शिकवलंय."

बापूसाहेब पुसायचे थांबले. "आमच्या वडलांनी सुरुंग लावून विहीर पाडली. लाव्हा फोडत होते व्हय ते?"

"व्हय."

"मग ह्यो डोंगर कशाला केलास?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मोड त्यो. भेगा कर, न् ये इंदापूरला," बापूसाहेब तिला म्हणाले.

मला तोंड उघडायलाही सवड न देता तिनं दोन्ही मुठींनी डोंगर भुईसपाट केला. इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग मीही पदर खोचला आणि तिच्याशेजारी भेगा पाडायला बसले.