लिंबातला वटवट्या

पळसदेवला आमच्या आणि सावळारामतात्यांच्या रानाच्या मधल्या बांधावर एक सामायिक लिंब होता. त्यातली पाखरं आपली ज्वारी खातात म्हणून तात्यांना तो पाडायचा होता. आमच्या मालकांनी निम्म्या सरपणावर मान डोलावली होती. आड येत होते ती मी.

कारण त्या लिंबातलं एक पाखरू मला नुकतंच ओळखू आलं होतं. कितीतरी हिवाळे ते मला झुलवत होतं. बोटाएवढं, पानाच्या रंगाचं, एका जागी बसेल तर शपथ. पाखरांच्या पुस्तकात तसली पानभर होती, सगळी सख्खी भावंडं. शेवटी पंखावरची पुसट रेघ आणि ‘च्वी-ई’ अशी हाक, यावरून ठरवलं: हिरवट वटवट्या. हिमालयाकडून येतो, किडे खातो. आता नाव कळल्यावर त्याचं घर कसं पाडू द्यावं?

तात्यांना सांगितलं, हा दाण्याला शिवत नाही.

"वैनी, चोच हाय म्हंजी दाणा खाणारच."

मग ठरलं, दोघांनी बांधावर बसून बघायचं. त्यानं दाणा खाल्ला तर लिंब पाडायचा. तात्या मांडीवर गोफण घेऊन बसले. वर बघून बघून आमच्या माना आखडल्या. शेवटी ते पाखरू खाली आलं आणि थेट तात्यांच्या कणसावर बसून टोचू लागलं. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू माझा भाऊच चोरी करताना सापडला.

"कणीस तर बघू," मी म्हटलं.

कणीस वाकवलं. दाणे जागच्या जागी. शेजारची कणसं मावा पडून चिकट झालेली, त्या बारक्या किडीनं बोटं लडबडली. या कणसावरचा मावा मात्र निम्मा टिपलेला.

तात्यांनी गोफण गुंडाळली. कुऱ्हाडवाल्याला येऊ नको म्हणून निरोप गेला.

चार दिवसांनी तात्या आमच्या दारात, तक्रार घेऊन.

"लिंब सामायिक हाय नव्हं? मग पाखरू सारखं तुमच्याच बाजूला का बसतंय?"

मी म्हटलं, भांडून उपयोग नाही, उन्हाळ्यात ते हिमालयाकडं निघून जाणार. तात्यांनी आवाज उतरवून विचारलं, "परत येतंय नव्हं?"

"येतंय की. त्याच लिंबात."

"मग एक फांदी बी कुनी तोडायची न्हाय," तात्या आमच्या मालकांकडं रोखून बघत म्हणाले.