नावाच्या खणावर बसवलेली खूण

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रामात, दोन ओळींच्या मध्ये, कित्येक वर्षं अडकून पडलेली मी एक खूण आहे. माझं नाव 'जरुरी'. नावाच्या आधी @ हे गोल शेपटीचं चिन्ह लावतात, म्हणजे ओळखू येतं की ही स्वतः काही काम करणार नाही, नुसती वर बसून हुकूम सांगणार. शिकलेली माणसं मला ॲनोटेशन म्हणतात. म्हणोत बापडी. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. जिथं बसवलं तिथं बसायचं, एवढंच माझं जगणं.

मला नूतननं घडवलं. नूतन नागभीडची, नागपुरात शिकलेली. २००७ साली ती जिवतीच्या घाटाखाली, एका संस्थेच्या दवाखान्यात कामाला आली. डोंगरातल्या गावांमध्ये संस्थेच्या आरोग्यसेविका होत्या. कुणी आजारी पडलं की त्या मोबाइलवरून मेसेज पाठवायच्या. आधी गाव, मग रोग्याचं नाव, मग काय झालं ते, आणि मध्ये एकेक टिंब. नूतनचा प्रोग्राम त्या मेसेजचे तुकडे करून तीन खणांत ठेवायचा आणि घंटी वाजवायचा. घंटी वाजली की अल्ताफभाऊ जीप काढायचे.

एकदा एकाच गावात दोघं तापानं पडले होते. मेसेजात नावच नव्हतं, आणि अल्ताफभाऊंनी गडबडीत कमी तापाच्या माणसाला आणलं. त्यानंतर नूतननं ठरवलं, नावाशिवाय मेसेज घ्यायचा नाही. आधी ती हे तपासायला प्रोग्रामात जागोजागी तेच तेच लिहायची. वैतागली बिचारी. मग तिनं मला एकदाच घडवलं. मी ज्या खणावर बसेन, तो रिकामा चालणार नाही. तसा मेसेज आला तर त्याला 'अपूर्ण' नावाच्या गठ्ठ्यात टाकायचं, घंटी वाजवायची नाही, आणि पाठवणाऱ्याला उलट मेसेज करायचा की नाव लिहा. आणि तिनं मला नावाच्या खणावर बसवलं.

काय कौतुक झालं माझं! अल्ताफभाऊ सगळ्यांना सांगायचे, आता चुकीचा माणूस जीपमध्ये बसत नाई. मीही फुगून गेले. पण कौतुक किती दिवस टिकतं? पुढे कुणी माझ्याकडे बघेना. लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर बंद पडला की अंधारात बसायचं, वीज आली की पुन्हा पहारा. 'अपूर्ण' गठ्ठ्यात मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती आणि पोरांनी दाबलेली बटणं साठत गेली. तो गठ्ठा कुणी उघडायचं नाव घेईना.

मग निंदणीच्या दिवसांत एका दुपारी चिखलगुड्याहून बुधरीचा मेसेज आला. बुधरी तिथली आरोग्यसेविका. तिच्या गावात रेंज फक्त टेकडीवर यायची. ती धावत टेकडीवर चढली असणार, मेसेज पाठवला असणार आणि लगेच रोग्याजवळ खाली गेली असणार. मेसेज असा होता : चिखलगुडा, टिंब, मध्ये काहीच नाही, टिंब, साप चावला.

मित्रांनो, मी तो मेसेज अडवला. मला दुसरं काही येतच नाही. उलट मेसेज गेला, पण तो घ्यायला टेकडीवर होतं कोण? तिकडे बुधरी जीपची वाट बघत बसलेली. इकडे अल्ताफभाऊ जीप पुसून, दाराशी चहा पीत घंटीची वाट बघत बसलेले. गाव कळलं होतं, साप कळला होता, आणि मी मात्र नाव हवं म्हणून दार अडवून बसले होते. असा जीव गुदमरला माझा! अगं नूतन, इकडे बघ गं, असं मला किती वाटलं. पण खुणेला कुठं तोंड असतं?

त्या दिवशी कॉम्प्युटर फार हळू चालत होता. नूतन जुना कचरा काढायला बसली आणि तिनं 'अपूर्ण' गठ्ठा उघडला. सगळा एकदम पुसून टाकणार, तेवढ्यात वरचाच मेसेज तिच्या नजरेस पडला. तिनं अल्ताफभाऊंना हाक मारली.

"भाऊ, बुधरीबाईनं नाव काऊन नाई टाकलं?"

अल्ताफभाऊ आत आले, वाचलं आणि चहाचा कप तिथंच ठेवला. "तिच्या घरचे डोमाभाऊ असतीन. भासरे हायेत तिचे. नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव सून घेते का इथी? माही अम्मी अब्बाचं नाव नाई घेत."

"माही मायबी नाई घेत," नूतन म्हणाली. "नूतनचे बाबा म्हणते. मले सगळं मालूम होतं ना भाऊ."

तोवर अल्ताफभाऊ जीपपाशी पोचलेही होते. नूतन मागून पळत जाऊन बसली. मी रिकाम्या खोलीत, त्याच रिकाम्या खणावर बसून राहिले. तशी वेळ माझ्या शत्रूवरही येऊ नये.

डोमाभाऊ वाचले. उशीर झाला होता, त्यामुळे पायाची बोटं गेली, चंद्रपुरात बरेच दिवस काढावे लागले. पण जीव राहिला. परत आल्यावर नूतन न जेवता कॉम्प्युटरपाशी बसली. मला नावाच्या खणावरून उचललं आणि गावाच्या खणावर बसवलं. नावाच्या खणावर एक नवी खूण आली : रिकामं असलं तरी आधी घंटी वाजव, मग नाव विचार.

मी अजूनही अडकलेलीच आहे. जागा तेवढी बदलली. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्या खुणा घडवेल. जरूर घडवा. पण 'याशिवाय चालणार नाही' असं लिहिण्याआधी आपल्या घरातली माणसं कशी बोलतात, काय बोलत नाहीत, ते आठवा. आम्हाला आठवत नाही हो, आम्ही तुम्ही लिहिलं तेवढंच करतो.

दिवाळी झाल्यावर एकदा घंटी वाजली. अल्ताफभाऊ चावी घेऊन धावले. मेसेज बुधरीचा होता, माझ्याखालून, नावाच्या रिकाम्या खणातून सरळ आत आलेला. चिखलगुडा, टिंब, मध्ये काहीच नाही, टिंब, आज आपल्या पायानं चालत वावरात गेले.