एकशे अठ्ठावीसच्या पुढे

“कॉम्प्युटरच्या बोर्डाचा नंबर आण म्हणून म्या तुले सांगतलं होतं का नाही?” वहाबभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “नंबर असता तं अमाननं नेटवर पाहून दिलं असतं, का हा कॉम्प्युटर केवढी डिस्क घेते. तू तं सरळ पाचशे जीबीची घेऊन मोकळा झाला.”

  कारंज्याच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात हेमसिंग स्टुलावर अंग चोरून बसला होता. समोर टेबलावर त्याची डिस्क वायर लावून उघडीनागडी पडली होती, आणि वहाबभाईंचा मुलगा अमान तिच्यातून जे काही वाचलं त्याची नावं पडद्यावर सरकवत होता. नावं सगळी अलीकडच्या लग्नांची. हेमसिंगाला हवं असलेलं लग्न त्यांत नव्हतं.

वहाबभाई तसे तोंडाचे कडक, पण मनाचे नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. “हे पाह्य, तुह्या डब्ब्याले एकशे अठ्ठावीस जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. पुढे गेला का तो गुमान पुन्हा एकपासून मोजते. तू शेवटी जे टाकलं, ते पयल्याच्या उरावर जाऊन बसलं.”

“पडद्यावर तं पुरी पाचशे दाखवे,” हेमसिंग म्हणाला.

“दाखवते ना. दाखवाले काय जाते त्याचं.”

हेमसिंगाचा स्वभावच मुळी तसा. सल्ला दहा जणांना विचारील, ऐकून घेताना मान अशी डोलवील की सांगणाऱ्यालाही बरं वाटावं, आणि शेवटी करील ते आपल्या मनाचंच. मानोऱ्याच्या बसस्टँडमागे त्याचं शूटिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवरच्या लग्नांत कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरायचं आणि मग दुकानात बसून ते कापून-जोडून मिक्सिंग करायचं, यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली. बायको म्हणायची, लोकांच्या वराती पाहता पाहता याला स्वतःच्या पोरांची शाळा कोणती तेही ठाऊक नाही. खोटं नव्हतं ते. कॉम्प्युटर त्याच्याकडे पहिल्यापासून तोच एक. नवा घ्यायची सोय नव्हती, कारण मिक्सिंगचं त्याचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नसे आणि त्यात साठवलेली लग्नं दुसरीकडे उघडतही नसत.

त्या कॉम्प्युटरात दोन डिस्का होत्या. पावसाळ्यात त्यांतली जुनी टकटक करायला लागली. हेमसिंग घाबरला आणि त्यानं वहाबभाईंना फोन केला. त्यांनी बोर्डाचा नंबर मागितला. आता नंबर पाहायचा म्हणजे डब्बा उघडा, धूळ पुसा, बॅटरी लावून बारीक अक्षरं वाचा. एवढा खटाटोप कशाला? त्याच्या डोक्यात साधा हिशोब होता. मोठ्या कणगीत थोडी ज्वारी ठेवली म्हणून काय ती नासते? कणगी लहान असली तर पंचाईत, मोठी असली तर बरंच की. तो दुसऱ्याच एका दुकानातून मोठी डिस्क घेऊन आला.

आधी त्यानं आजारी डिस्क रिकामी केली, कोणीही तेच केलं असतं. सगळी जुनी लग्नं नव्या डिस्कवर उतरली, आणि दुसऱ्या दिवशी ती जुनी डिस्क कायमची बसली. वेळेवर वाचवलं म्हणून हेमसिंग एवढा खूश झाला की पोहरादेवीला जाऊन नारळ फोडून आला! मग त्यानं अलीकडच्या लग्नांची दुसरी डिस्क उतरवायला घेतली, तीही निम्म्याच्या वर गेली आणि पडदा निळा झाला. त्यानंतर ती नवी डिस्क उघडेचना.

“काका, ते मेलेली डिस्क तं असन ना?” अमाननं विचारलं. “नागपूरले पाठवून पाहू. कधी कधी निंगते काहीतरी.”

हेमसिंगानं खाली मान घातली. “ते म्या खोलली.”

“काहून?”

त्यानं जे सांगितलं ते ऐकून बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. मेलेली डिस्क उघडून त्यातलं लोहचुंबक काढायचं ही त्याची जुनी सवय होती; स्क्रू धरून ठेवायला ते फार कामाचं. आतली चकचकीत चकती भावानं मागितली आणि दोरीला बांधून ज्वारीत टांगली. पाखरं बुजतात म्हणे तिला.

परतीच्या एस्टीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली, पण बाहेर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. गेलेली लग्नं पुष्कळ होती, त्यांचं दुःख होतंच. पण ती लग्नं करून लोक संसाराला लागले होते, त्यांच्या कपाटांत सीड्या होत्या, फोटो होते. हेमसिंगाला घोर लागला होता तो एकाच बाईचा. रामीबाई दोन दिवसांत येणार होती.

रामीबाई त्याच्या शेजारच्याच तांड्यावरची. दिवाळी झाली की ऊस तोडायला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची. तिची मंजू अकरा वर्षांची असताना तिकडेच पाचटाच्या कोपीत तापानं गेली. दवाखाना लांब होता आणि मुकादमाची गाडी उसाच्या फडात होती. पोरीचा एकही फोटो नव्हता. पण त्याच वर्षी तांड्यावरच्या देवलाच्या लग्नात हेमसिंग शूटिंगला होता, आणि बायका नाचत होत्या तिथे कडेला मंजूही नाचताना त्याच्या कॅमेऱ्यात आली होती. आली ती जेमतेम दोन मिनिटं. त्यालाही ते पुढच्या वर्षी रामीबाईनं देवलाकडची सीडी पाहून सांगितलं तेव्हा कळलं; ती सीडी पुढे घासून बंद पडली.

तेव्हापासून दर वर्षी ट्रक निघायच्या आधी ती दुकानात यायची, हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन, देवाला आल्यासारखी. हेमसिंग ते लग्न लावून द्यायचा. एकदा त्यानं फोटो काढून फ्रेम करून देतो म्हटलं. ती म्हणाली, “फोटोले हार घालाव लागते. इथं तं पोरगी नाचून राह्यली माही.” पुढे तिच्या मुलाकडे, गोविंदाकडे, मोठा फोन आला. त्यात टाकून देतो म्हटलं तर त्यालाही नाही. रोज पाह्यलं तर माझ्या हातून कोयता चालणार नाही, म्हणाली. तेव्हा मंजू होती ती फक्त हेमसिंगाच्या दुकानात.

काय सांगायचं ते त्यानं दोन दिवसांत पक्कं केलं. मशीन बिघडलंय, वहाबभाईंकडे दिलंय, तुम्ही ऊस तोडून आल्या की दाखवतो. सहा महिने तरी निघाले असते. थाप काही वाईट नव्हती आणि थापा मारण्यात तो कच्चाही नव्हता. लग्नाची सीडी उद्या देतो म्हणून त्यानं लोकांना बारशापर्यंत थांबवलं होतं.

ती आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, स्टुलावर बसली आणि काळ्या पडद्याकडे पाहत थांबली. हेमसिंगाच्या तोंडून थाप निघेना.

“याडी,” तो म्हणाला. तांड्यावर आईला हाक मारतात तशीच तो तिला हाक मारायचा. “मंजूची शूटिंग गेली. माह्याच हातानं गेली. आता ते भेटत नाही.”

डिस्क, एकशे अठ्ठावीस, एकपासून मोजणं, सगळं त्यानं भराभरा सांगून टाकलं. ज्वारीतली चकती तेवढी सांगितली नाही. रामीबाई ऐकत होती की नाही कोण जाणे. ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं असं त्याला वाटलं. मांडीवरच्या हातांकडे पाहत ती म्हणाली, “तूच काढली होती ना ते? तुले तं आठवत असन. मंग तू सांग.”

हेमसिंगानं तो तुकडा कधी नीट पाहिलाच नव्हता. दर वर्षी तो ते लग्न लावून द्यायचा आणि शटर अर्धं ओढून बाहेर जाऊन उभा राहायचा. आई पोरीला पाहतेय, मधे आपण कशाला, असं त्याला वाटायचं. लग्नाच्या वेळी म्हणावं तर त्याचा डोळा नवरीवर होता आणि मिक्सिंग करताना त्यानं तो तुकडा पळवतच नेला होता. बावीस वर्षं लोकांची तोंडं पाहण्यात गेली आणि या पोरीचं तोंड काही केल्या डोळ्यांपुढे येईना. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“बाया नाचत होत्या,” तो चाचपडत म्हणाला. “मंजू कडेले होती.”

“हौ. शेजारच्या अंजनाचं लेकरू घेतलं होतं तिनं.”

“हौ, लेकरू होतं कडेवर. मंग ते हसली.”

“आंधी लाजली.”

“आंधी लाजली, मंग हसली. लाल फ्रॉक होता.”

रामीबाईनं मान वर केली. “हिरवा होता,” ती म्हणाली. मग बारीक आवाजात तिनं विचारलं, “हिरवाच होता ना रे?”

ती खरंच विचारत होती. हेमसिंगानं तिच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “हिरवाच होता, याडी. माहंच चुकलं.”

तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. बाहेर स्टँडवर कंडक्टर दिग्रस-दिग्रस ओरडत होता. ट्रक संध्याकाळचा होता, अजून वेळ होता.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली.

हेमसिंग उठला, शटर अर्धं ओढलं आणि या वेळी आतच थांबला. स्टूल ओढून तो तिच्याजवळ बसला आणि हिरव्या फ्रॉकातल्या मुलीचं नाचणं तिला सांगू लागला.