सात नंबरचा बिल्ला

मे महिन्यात माकणीच्या धरणाचं पाणी पार तळाला गेलं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या मल्हारला बुडालेल्या एका विहिरीच्या गाळात तारेत ओवलेले अकरा पितळी बिल्ले सापडले. मुरुमच्या शाळेतले योगीराज सर जुन्या व्यापाऱ्यांचे बिल्ले जमवतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते आणून सरांच्या ओट्यावर ठेवले आणि चहालाही न थांबता तो निघून गेला.

सरांनी बिल्ले चिंचेच्या कोळानं घासले. एका बाजूला मराठीत ‘शि’, दुसऱ्या बाजूला उर्दू अक्षरं, खाली आकडा. महिनाभर जुन्या पावत्या धुंडाळल्यावर एका शिक्क्यात तसाच ‘शि’ मिळाला. तो मुरुमचे कापूस व्यापारी शिवलिंगप्पा शेठ यांचा होता. त्यांच्या वखारीत शिरताना हमाल आपला बिल्ला दारावरच्या फळीला अडकवायचा, बाहेर पडताना काढून न्यायचा. बिल्ला फळीवर म्हणजे माणूस आत. मग अकरा जणांचे बिल्ले एका तारेत ओवून विहिरीत कुणी टाकले?

वखारीचा त्या वेळचा पहारेकरी धोंडप्पा अजून हयात होता. वय ब्याण्णव. सरांनी बिल्ले पुढं ठेवताच म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. मग तो बोलू लागला. बावन्न साली वखार पेटली. चोरी होऊ नये म्हणून हमाल आत असतानाही दाराला बाहेरून कुलूप असायचं. आत कुणी नव्हतं, हमाल आदल्याच दिवशी कामासाठी हैदराबादला गेले, असं शेठनं गावाला सांगितलं. बिल्ले विहिरीत टाकायला धोंडप्पालाच पाठवलं.

“किल्ली कुणाजवळ होती?” सरांनी विचारलं.

“माझ्याजवळ. शेठ म्हणले, दार उघडलं की वारा आत शिरंल, समदा कापूस जाईल. म्या थांबलो.”

मग त्यानं नंबरवार अकरा नावं गावांसकट सांगितली. कुठंही अडखळला नाही.

दोन दिवसांनी सर पुन्हा धोंडप्पाकडं गेले, तर त्याच्या सुनेनं दार अर्धंच उघडलं. मामंजींना सोलापूरला ठेवलंय, तुम्ही येऊ नका, एवढंच ती म्हणाली. त्याच संध्याकाळी शेठचा नातू गौरीशंकर सरांच्या घरी आला. सरांच्या शाळेची संस्था त्याच्याच ताब्यात होती. घराण्याची आठवण म्हणून बिल्ले द्या, असं त्यानं शांतपणे मागितलं. सरांनी ते अभ्यासाला बाहेर पाठवल्याचं खोटंच सांगितलं. गौरीशंकरनं मान हलवली, चहा घेतला, आणि सर कोणत्या गाडीवर, कोणत्या रस्त्यानं हिंडतात याची आपुलकीनं चौकशी करून तो गेला.

रविवारी ते कुणालाही न सांगता सास्तूरला गेले. सात नंबरच्या हमालाची मुलगी सिताबाई ऐंशीला टेकली होती. सरांनी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला आणि घडलेलं सांगितलं. तिनं आकड्यावरून अंगठा फिरवला. आई त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, तोवर रोज कुंकू लावायची, ते हैदराबादहून येतील म्हणायची, असं ती सांगत राहिली.

“म्हंजे ते गेलेच न्हायत,” ती म्हणाली. मग विचारलं, “दाराजवळ हुते का ते?”

सरांनी बिल्ल्यावर तिची मूठ मिटवली.

बिल्ला तिच्याकडंच ठेवून ते बाहेर आले, तोच फोन वाजला.

“सास्तूरला पोचलात का, सर?” गौरीशंकरनं विचारलं.

सरांनी रस्त्याकडं पाहिलं. एक बैलगाडी चालली होती. झाडाखाली दोन मोटारसायकली उभ्या होत्या, त्यांवरची माणसं ओळखीची नव्हती.

“पोचलो,” ते म्हणाले. “आता आठ नंबरच्या घरी निघालोय.”

सरांनी फोन बंद केला आणि गाडीला किक मारली. झाडाखालच्या दोन्ही गाड्याही सुरू झाल्या.