वहिनीच्या नावाची काठी

फोसुआवहिनीला ठशांच्या कापडासाठी जिल्ह्याचा पुरस्कार जाहीर झाला. सोबत कुमासी शहराच्या नव्या बाजारात गाळा. दादा गेल्यापासून वहिनीची सगळी भिस्त त्या गाळ्यावर होती. पण समितीच्या सचिवाने निरोप धाडला: विजेत्याने स्वतः यायचं, नाहीतर गाळा दुसऱ्या नंबरला.

आता आली का पंचाईत? आमच्यात विधवा वर्षभर ढोल वाजतो तिथं पाय ठेवत नाही, पुरस्काराची सभा म्हटली की ढोल आलाच, आणि दादाला जाऊन जेमतेम चार महिने झालेले.

"वहिनी, काळजी करू नकोस. मी बघतो."

"तू बघतो म्हणालास की मला जास्त काळजी वाटते, भावजी."

मी तिची रंग ढवळायची काळी काठी उचलली, मुठीला चॉकलेटचा सोनेरी कागद गुंडाळला आणि सभेत तिच्या खुर्चीवर टेकवून ठेवली.

सचिव आला. "दुओडू, हे काय?"

"फोसुआवहिनी."

"ही काठी आहे."

"मग पहिल्या रांगेत कोण बसलंय, साहेब?"

पहिल्या रांगेतल्या मोठ्या खुर्चीत गावचे राजे नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा बोआतेन शेजारी बसला होता, हातात राजांची सोन्याच्या मुठीची काठी. सकाळपासून सचिव त्या काठीपुढे चारदा वाकला होता.

बोआतेनने माझ्या चॉकलेटच्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. आता आपली धिंड निघणार, असं मला वाटलं.

"सचिवसाहेब," तो म्हणाला, "राजे आज आलेत की नाही?"

"आलेत ना. म्हणजे... आलेतच."

"मग ती बाईही आली. नाव पुकारा."

गाळ्याची किल्ली आणि लाकडी ढाल घेऊन मी उड्या मारत घरी आलो. वहिनी अंगणात रंगाच्या हंड्यापाशी उभी होती, काळं कापड नेसून. किल्ली तिने कमरेला खोचली. ढालीकडे नुसती बघत राहिली.

"नाव कसं पुकारलं रे?"

मी सांगितलं.

"तसं नाही. त्यांनी पुकारलं तसं पुकार."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनीला जायचं होतं. सचिवाने ये म्हणून अट घातली, आम्ही जाऊ नको म्हणून घातली. तुला काय हवंय, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

मी ढाल घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, छाती फुगवली आणि पुकारलं, "फोसुआ अग्येमांग!"

"थांब," ती म्हणाली. "हात धुऊन येते."