घरचं मशीन कोणाला पुसते

"लाईन बराबर हाये, सिस्टर," टेबलाखालून बाहेर येत खेमराज म्हणाला. गुडघ्याला लागलेली धूळ त्यानं हातानंच झटकली. "पेपर खुलला, रेल्वेचं खुललं, नकाशे खुलले. तुमचं कोणतं नाई खुलून राहिलं ते सांगा, माझ्या मोबाईलवर लावून पाहतो."

अल्का गणवीर चहाचा कप घेऊन दारात उभी होती. साईटचं नाव तिच्या अगदी ओठांवर होतं, पण ते बाहेर येईना. खेमराज टेलिफोन ऑफिसचा जुना लाईनमन. अख्ख्या आमगावात त्याचं जाणं-येणं. चांगला माणूस, पण बोलका.

"राहू द्या," ती म्हणाली. "असंच एक आहे. मी पाहून घेईन."

खेमराजनं चहा घेतला. स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "सब खुलते अन् एकच नाई खुलत, तं तो लाईनचा दोष नसते. साईटले आपण नावानं हाका मारतो, पण मशीनले आकडा लागते. मंग मशीन कोणाले तरी पुसते, का बा या नावाचा आकडा कोणता? ज्याले पुसते, तो डीएनएस. तुमच्या मोडेमात आमच्या ऑफिसचा हाये, आत्ताच वाचून दाखवला. पण तुमचं कंप्युटर मोडेमले न पुसता भलत्यालेच पुसत असन, तं तो सांगन तेच खरं." त्यानं मान तिरकी केली. "हे विंडोज नाई दिसत."

"लिनक्स आहे. राजदीपनं टाकून दिलं."

"मंग त्यालेच पुसा ना. तो तं त्यातलाच हाये."

खेमराज गेला. अल्का खुर्चीवर बसली. मुलाला विचारायचं असतं तर खेमराजला बोलावलंच कशाला असतं?

ती कामठ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. नवरा रत्नपाल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. राजदीप दहावीत असताना रत्नपाल शाळेतच छातीत दुखून गेला. त्यानंतरची वर्षं लसीचे डबे, बाळंतपणं आणि राजदीपची फी यांत कशी सरली ते तिला कळलंच नाही. पोरगा नागपूरला शिकला, पुण्याला नोकरीला लागला. एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यानं घरी हा कंप्युटर आणून दिला, तिला मेल लिहायला शिकवलं, काळ्या खिडकीत दोन-चार आज्ञा टाइप करायला शिकवल्या आणि परत गेला. घरात दोन खोल्या, त्यातली एक बहुतेक बंदच.

गेल्या हिवाळ्यात धान मळणीच्या दिवसांत एका बाईला दवाखान्यात नेत असताना वाटेतच कळा अनावर झाल्या. अल्कानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच तिला मोकळं केलं. बाळ रडलं, ट्रॉलीवरचे सगळे बाप्ये एकदम गप्प झाले, आणि ड्रायव्हर तोंड फिरवून रडायला लागला. संध्याकाळी अल्का घरी आली, कुलूप काढलं, हातपाय धुतले. ही गोष्ट कोणाला सांगावी म्हणून आपला साधा बटनांचा फोन हातात घेतला, तर राजदीप मीटिंगमध्ये होता. त्या आठवड्यात तिनं बौद्ध समाजाच्या सोयरिकीच्या साईटवर, पुनर्विवाहाच्या पानावर, आपलं नाव घातलं. फोटो म्हणून आयकार्डावरचाच जुना फोटो चिकटवला. फोन नंबर दिला नाही.

भोजराज मेश्राम तिला तिथेच भेटले. ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात औषधं देणारे, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी गोंदियाला दिलेली. ते फार काही गोड लिहीत नसत. आज लाखोळीची डाळ केली, करपली, असं लिहीत. अल्कानं एकदा त्यांना ट्रॉलीतल्या बाळंतपणाची गोष्ट लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "नाळ कशानं बांधलीत?" अल्का कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत बसली होती. इतक्या वर्षांत तिच्या कामातलं नेमकं कोणी विचारलं नव्हतं.

आणि आता तीन आठवडे झाले, ती साईट उघडत नव्हती. 'सर्व्हर सापडत नाही', एवढंच पान पुनःपुन्हा समोर येत होतं. सुरुवातीला तिला वाटलं, साईटच बंद पडली असेल. मग भोजराजांनीच काही केलं का, असंही एकदा मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

रविवार होता. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. अल्कानं चष्मा लावला आणि शोधायला बसली. नर्सिंगच्या शिक्षणानं इंग्रजीची भीती कधीच गेली होती. दवाखान्याची परिपत्रकं वाचणाऱ्या बाईला ही पानं काय अवघड? एका पानावर लिहिलं होतं, अमुक फाईल उघडून पाहा. तिनं काळी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर तपासत आज्ञा लिहिली. उत्तर आलं : १२७.०.०.१.

खाली कोणीतरी समजावून सांगितलं होतं. या आकड्याचा अर्थ मशीन स्वतःलाच विचारतं आहे. पण स्वतःला विचारून काही कळत नसतं. आत एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो बाहेर दुसऱ्या कोणाला तरी विचारून येतो. तो कोणाला विचारतो हे पाहायचं, तर दुसरी आज्ञा द्या.

अल्कानं दुसरी आज्ञा दिली. भराभर ओळी उमटल्या. तिनं त्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तशा वाचल्या. अगदी तळाशी डीएनएस हा शब्द होता आणि त्यापुढे एक आकडा. मोडेमातला आकडा खेमराजनं मघाशी मोठ्यानं वाचला होता. हा तो नव्हता.

आकडा कोणाचा, हे शोधून देणारंही एक पान असतं, हे तिला तेवढ्या वेळात कळलं होतं. तिनं तो तिथं टाकला. कुठल्याशा भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या कंपनीचं नाव आलं. त्याखाली गाव आलं.

पुणे.

ती उठली. गॅसवर पाणी ठेवलं, मग गॅस बंद केला. परत येऊन फोन लावला.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"आत्ताच. तू?" राजदीपचं बोलणं अलीकडे पुण्याचं झालं होतं. पलीकडे टीव्ही चालू होता.

"एक आकडा वाचते. कोणाचा हाये तेवढं सांग." तिनं सावकाश वाचला.

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तुला कुठं दिसला हा?"

"आपल्या कंप्युटरात. तो कोणाले पुसते ते पाहून राहिली होती."

"माझा आहे, आई," तो म्हणाला. "माझा सर्व्हर आहे. लिनक्स टाकलं तेव्हाच लावला होता. तिथलं टेलिफोन ऑफिसचं हळू चालायचं म्हणून. तुला त्रास नको म्हणून."

"अन् ती साईट?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तूच बंद केली?"

"विचारलेली नावं तिथं नोंदवली जातात. मी मुद्दाम बघत नव्हतो. दुसरंच काहीतरी शोधत होतो, त्यात ते नाव दिसलं. पुन्हा पुन्हा दिसलं. रोज." तो घाईनं म्हणाला, "आत काय लिहिलंस ते नाही दिसत, आई. फक्त साईटचं नाव दिसतं."

"नावच पुरं झालं ना तुले."

अल्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले पुसलं काऊन नाई, राजदीप?"

"आईला असं कसं विचारायचं?"

"पुसता नाई आलं. बंद करता आलं."

तेव्हा त्याचं पुण्याचं बोलणं सुटलं. "मले भेव वाटलं, आई. पेपरात येत राहते, एकट्या बाया पाहून फसवून राहिले लोकं. अन्..." तो अडखळला. "बाबाच्या जागेवर कोणी येऊन बसन, हे माझ्या डोळ्यापुढं येऊनच नव्हतं राहिलं. मी आत्ता काढून टाकतो. इथूनच काढतो."

"तू हात लावू नको," अल्का म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "कसं काढायचं ते मी वाचलं हाये."

फोन ठेवल्यावर तिनं वरच्या कोपऱ्यातलं जोडणीचं चिन्ह दाबलं, आतली पानं उघडत गेली. एका चौकटीत राजदीपचा आकडा होता. तिनं तो मागून एकेक अंक करत पुसला. नंतर 'आपोआप' असं जिथं होतं ते निवडलं, जोडणी बंद करून पुन्हा चालू केली आणि तीच आज्ञा परत दिली. आता तळाशी मोडेमातला आकडा होता.

साईट उघडली. भोजराजांचे तीन निरोप पडून होते.

पहिल्यात पावसाचं आणि धानाच्या रोवणीचं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं : "येत्या रविवारी मुलीकडे गोंदियाला येतो आहे. आपली हरकत नसेल तर दुपारी रेल्वे स्टेशनच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबेन. सोबत कोणाला आणलंत तरी चालेल." तो रविवार कधीच होऊन गेला होता. तिसरा निरोप चार दिवसांपूर्वीचा होता : "आपण आला नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. असा निर्णय सोपा नसतो. मुलीनं मूल गावच्या एक शिक्षिका सुचवल्या आहेत, त्यांना होकार कळवला. आपलं लिहिणं मला आवडत होतं. तब्येत सांभाळा."

अल्कानं ते दोनदा वाचलं. स्टॉलपाशी उभा असलेला माणूस तिनं डोळ्यांपुढे आणून पाहिला. येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांकडे तो बघत असेल. त्याच्याजवळ ओळखीसाठी तो आयकार्डाचा फोटो तेवढा. किती वेळ थांबला असेल, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

तिनं उत्तर लिहिलं. "आमच्याकडे इंटरनेटमध्ये दोष होता, म्हणून निरोप मिळाले नाहीत. मिळाले असते तर मी आले असते. आपलं मंगल होवो." दोष कोणाचा, हे लिहावंसं तिला वाटलं नाही. पण 'आले असते' हे शब्द खोडावे का, याचा विचार करून तिनं ते तसेच ठेवले.

पोळ्याच्या आठवड्यात राजदीप न कळवता आला. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियाला उतरून पॅसेंजरनं आमगावला. अल्का स्वयंपाकघरात कोवळ्या बांबूचे वास्ते चिरत बसली होती. तो येऊन समोर जमिनीवर बसला.

"आई, तू ज्यांच्याशी बोलत होतीस... माझी हरकत नाही. मी भेटतो त्यांना. पाहिजे तर उद्याच जातो."

"त्यांचं जमलं दुसरीकडं."

विळीचा आवाज चालू राहिला.

"माझ्यामुळं?"

'तसं नाही रे' असं म्हणून त्याला मोकळं करणं सोपं होतं. आजवर तिनं तेच केलं असतं. पण ती थांबली आणि विळी आडवी केली.

"थोडं तुझ्यामुळं," ती म्हणाली. "पण पुरं तुझ्यामुळं नाई. त्या माणसानं भेटायले बोलावलं, तं त्याच्याजवळ माझा फोन नंबर नव्हता. मी देल्लाच नव्हता. खेमराजनं साईटचं नाव पुसलं, तं मले सांगता नाई आलं. मी चोरून करून राहिली होती, म्हणून तुले चोरून बंद करता आलं."

राजदीपनं खाली पाहिलं. मग पुढे होऊन चिरलेले वास्ते पाण्यात टाकायला लागला. तिनं त्याला करू दिलं.

तो पुण्याला परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्का उपकेंद्रातून जरा लवकर निघाली. बाजारातल्या भुवनेश्वर बिसेनच्या फोटो स्टुडिओत गेली. त्याच्या दोन्ही पोरींना तिनंच लस टोचली होती. आत बाकावर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि कॉलेजचा एक पोरगा केस नीट करत होता.

"या, सिस्टर," भुवनेश्वर म्हणाला. "आयकार्डासाठी ना? पासपोर्ट साइज?"

"नाही. लग्नासाठी."

"अरे वा, राजदीपचं जमून राहिलं? मंग त्यालेच पाठवा ना."

"राजदीपचं नाही," अल्का म्हणाली. "माझ्या लग्नासाठी."

बाकावरच्या बाईनं मान वर केली. केस विंचरणाऱ्या पोराचा हात थांबला. अल्का कॅमेऱ्यासमोर, होती तशीच उभी राहिली. भुवनेश्वरनं पासपोर्टवाल्यांसाठीचं स्टूल पायानं बाजूला सारलं.

"मंग उभ्यानं काढू, सिस्टर," तो म्हणाला, आणि मागच्या पडद्याला पडलेल्या चुण्या हातानं सारख्या करायला गेला.