ड्रायव्हरचं कुलूप

पासली गावात जत्रेआधी घरात जुनं काही ठेवत नाहीत. गोधड्या ओढ्यावर जातात, भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची मोडकी घमेलीसुद्धा खाली येतात. इथवर ठीक. पण जत्रेच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या कुंडलिकला साफसफाईला सापडलं काय, तर अश्विनीचा कम्प्युटर!

अश्विनी त्याची धाकटी भावजय. भोरला कम्प्युटरचा कोर्स केलेली, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारी. सासूनं, पारूबाईनं, तिला शब्द दिला होता, "जत्रंला पडद्यावर गावाचा पिच्चर दाव, येल्ह्याच्या बाजारातला आपला दुकानाचा गाळा तुजा." त्या गाळ्यापायी पोरीनं वर्षभर पालखी, कुस्त्या, भातलावणी सगळं टिपलं. आता सगळं जोडून पडद्यासाठी शेवटची फाईल तेवढी काढायची होती. दोन तासांचं काम.

तिचं ग्राफिक्स कार्ड जुनं. ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी, म्हणजे ड्रायव्हरपैकी, त्याचं एका जुन्याशीच जमायचं, नवा घातला की स्क्रीन काळी. म्हणून तिनं कम्प्युटरच्या सिस्टिमला, लिनक्सला, बजावून ठेवलं होतं, बाकी काय हवं ते बदल, या ड्रायव्हरला हात लावायचा नाही. ती त्याला कुलूप म्हणायची.

ती ओढ्यावर गोधड्या आपटत असताना कुंडलिकनं लिनक्सची नवी आवृत्ती चढवायला घेतली. कुलपापाशी काम अडलं. शहाण्यानं निदान विचार केला असता, हे लावलंय कशाला? नव्या आवृत्तीत जुना ड्रायव्हर चालतो का, एवढं तरी पाहिलं असतं. पण पुण्याच्या कंपनीत बसणारा माणूस धाकट्या भावजयीला विचारतोय होय! यानं कुलूप काढलं, नवा ड्रायव्हर घातला आणि कचरा म्हणून जुन्या आवृत्तीचं सगळं पुसून टाकलं.

अश्विनी आली तेव्हा काळ्या स्क्रीनवर नुसती एक रेघ लुकलुकत होती.

"भावजी, कुलूप का काढलं?"

"अगं, जुनाट व्हतं सगळं. नवंकोरं करून दिलंय."

"अवो, दिसंना काय त्यात!"

"मंग तुजं कार्डच भंगार हाय," म्हणून तो चहाला गेला.

तिनं त्या काळ्या स्क्रीनवरच आज्ञा टाइप करकरून नवा ड्रायव्हर काढला, कामचलाऊ चित्र आणलं. जुना ड्रायव्हर पुन्हा उतरवला, तो नव्या आवृत्तीत बसेना. जुन्या आवृत्तीवर मागं फिरायचं तर सगळं शूटिंग आधी दुसऱ्या डिस्कवर हलवायला हवं, आणि तेवढी डिस्क घरात नव्हती. शेवटी कार्डाशिवायच फाईल काढायला लावली. मशीननं वेळ दाखवली, एकेचाळीस तास.

जत्रेच्या संध्याकाळी पडदा कोरा राहिला. लोक विचारू लागले तसा कुंडलिक माईकवर बोलला, "मशीन जुनी व्हती, तरी म्या लई ट्राय मारला." धन्य रे बाबा! पारूबाईनं चारचौघांत सांगून टाकलं, "गाळा कुंडलिकलाच. कंपूटरचं त्यालाच कळतं." अश्विनीनं तोंड उघडलं, तर सासू म्हणाली, "जत्रंत वाद नगं." तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, सोमनाथला, गाठलं. "पासवर्डाशिवाय कुलूप निघत न्हाई. त्यो मला आन् तुमाला, दोघांनाच ठावं."

सोमनाथ खाली मान घालून म्हणाला, "दादानं मागितला. मोठ्या भावाला न्हाई कसं म्हनायचं?"

"मला हाक तरी मारायची. ओढा काय लांब हाय?"

बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून तो बाहेर गेला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल निघाली. तोवर दुकानं उठली होती, पाहुणे आपापल्या गावी गेले होते. अश्विनीनं पिक्चर एकदाही लावून पाहिला नाही. आधी पासवर्ड बदलला.

सोमनाथ मागं उभा होता. "मला तरी सांगून ठिव," तो म्हणाला.

"तुमालाच तर सांगितला व्हता," ती म्हणाली.